२३ सप्टेंबरचा तो संदेश पुढे ढकलण्याआधी

सप्टेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की एक संदेश व्हॉट्सअॅपवर फिरू लागतो. शब्द दर वर्षी थोडे बदलतात, गाभा तोच राहतो. २३ सप्टेंबरला सूर्य विषुववृत्तावर येतोय, त्यामुळे पुढचे पाच दिवस तापमान ४० अंशांपर्यंत चढेल, दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका. त्या दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर येईल आणि सावली नाहीशी होईल. सूर्य सहाला उगवेल आणि सहालाच मावळेल, कारण त्या दिवशी जगभर दिवस बारा तासांचा आणि रात्रही बारा तासांची. माझ्याकडे आलेल्या संदेशाला आणखी एक ओळ चिकटवलेली होती: २३ तारखेपासून पाऊस संपतो, शेतकऱ्यांनी निर्धास्तपणे सोयाबीन काढायला घ्यावं. पुरावा म्हणून एका हवामान संकेतस्थळाचा स्क्रीनशॉट जोडलेला, त्यावर ‘२३ सप्टेंबरचं सरासरी हवामान’.

यातला उन्हाचा भाग मुळात आपल्याकडचा नाही. असाच मजकूर काही वर्षांपूर्वी मलेशिया आणि सिंगापूरच्या नावाने फिरत होता. गावांची नावं बदलून तो इकडे आला. पावसाची ओळ मात्र इथेच कोणीतरी जोडलेली आहे, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. उन्हाच्या भीतीने कोणी दुपारी घरात बसला तर फारसं बिघडत नाही. पाऊस संपला असं समजून कोणी शेतात सोयाबीन कापून पसरवलं आणि दुसऱ्या दिवशी आभाळ फाटलं, तर त्या घराचा हंगाम गेला.

म्हणून एकेक दावा घेऊ.

पुढचे पाच दिवस ४० अंश

सूर्य विषुववृत्तावर आला की उष्णता वाढते, हे खरं मानलं तर ती वर्षातून दोनदा सारखीच वाढायला हवी. कारण सूर्य विषुववृत्त दोनदा ओलांडतो, एकदा मार्चमध्ये उत्तरेकडे येताना आणि एकदा सप्टेंबरमध्ये दक्षिणेकडे जाताना. या दोन्ही दिवशी पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सारख्याच उंचीवर असतो, साधारण साडेएकाहत्तर अंशांवर. दिवसाची लांबीही तेवढीच. आता तापमान पाहा. पुण्यात मार्चचं सरासरी कमाल तापमान ३५ ते ३६ अंशांच्या घरात असतं, सप्टेंबरचं ३० च्या आसपास. नागपुरात मार्चला ३६ च्या पुढे, सप्टेंबरला ३२ च्या आसपास. सूर्य तोच, कोन तोच, आणि फरक चार-पाच अंशांचा. मग हा फरक सूर्याने केलेला नाही, हे उघड आहे.

फरक करते ती जमीन आणि तिच्यावरची हवा. मार्चपर्यंत चार-पाच महिने पाऊस नसतो, माती वाळून भेगाळायला लागलेली असते, आभाळ मोकळं असतं. पडलेलं ऊन थेट जमीन आणि हवा तापवण्यात खर्च होतं. सप्टेंबरच्या अखेरीस तीच माती पाण्याने भरलेली असते. पिकं हिरवी असतात, ओढे वाहत असतात, दुपारी ढग येतात. उन्हाचा मोठा वाटा पाण्याची वाफ करण्यात जातो आणि हवेला तापायला कमीच उरतं. सप्टेंबरअखेर महाराष्ट्रात ४० अंश गाठायचे तर पारा सरासरीपेक्षा आठ-दहा अंशांनी चढावा लागेल. भारतीय हवामान विभाग सपाट प्रदेशात ४० आणि किनारपट्टीवर ३७ अंश गाठल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचारही करत नाही, आणि त्यावर सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त असण्याची अट आहे. एप्रिल-मेमध्ये हे घडतं, सप्टेंबरच्या ओल्या जमिनीवर नाही.

मार्चमध्ये मुंबईने चाळिशी ओलांडलेली आहे, हेही सांगायला हवं. सांताक्रूझला मार्चमध्येच ४१.७ अंशांची नोंद झालेली आहे. पण मुंबईत मार्च असा तापतो तो जमिनीवरून येणाऱ्या पूर्वेकडच्या कोरड्या वाऱ्यांमुळे आणि समुद्रवारा उशिरा सुटल्यामुळे. विषुववृत्ताचा त्यात संबंध नाही.

आणि ज्या सिंगापूरच्या नावाने हा मजकूर फिरला, ते शहर विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा-दीड अंशावर आहे. सूर्य माथ्यावर आल्याने ४० अंश होणार असतील तर ते आधी तिथे व्हायला हवेत. सिंगापूरमधलं आजवरचं सर्वाधिक नोंदलेलं तापमान ३७ अंश आहे. ते १९८३ च्या एप्रिलमध्ये नोंदलं गेलं आणि मे २०२३ मध्ये पुन्हा गाठलं गेलं. म्हणजे तिथेही संपाताच्या दिवशी, सूर्य विषुववृत्त ओलांडतो त्या दिवशी, नाही. इक्वेडोरची राजधानी क्विटो तर विषुववृत्ताला जवळपास खेटून आहे, पण समुद्रसपाटीपासून सुमारे २,८५० मीटर उंचीवर असल्याने तिथे दुपारी विशीच्या आसपास पारा असतो, वर्षभर.

या दाव्यात खऱ्याचा एक कण आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. सप्टेंबर सरता सरता ऊन खरोखर चटका देऊ लागतं. भादव्याचं ऊन आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही! पुढे ऑक्टोबर हीट येते. पाऊस मागे हटतो, ढगांचं छत जातं, वारा पडतो आणि जमिनीतली ओल अजून हवेत चढत असते. मुंबईत सप्टेंबरचं ३१ च्या आसपासचं सरासरी कमाल तापमान ऑक्टोबरमध्ये ३४ च्या जवळ जातं, आणि दमटपणामुळे ते त्याहून जास्त वाटतं. पण हे घडतं मान्सून परतल्यावर, आणि तो कधी परतेल ते त्या वर्षीचं वर्ष ठरवतं. सूर्य तर २३ सप्टेंबरनंतर रोज थोडा थोडा खालीच उतरत असतो. उन्हात काम करणाऱ्याने पाणी प्यावं, डोक्याला कापड बांधावं, हा सल्ला चांगलाच आहे. त्याला खोट्या कारणाचा टेकू लागत नाही.

सूर्य बरोबर डोक्यावर, सावली नाहीशी

हे विषुववृत्तावर खरं आहे. इंडोनेशियातलं पोंतियानाक शहर बरोबर विषुववृत्तावर वसलंय. तिथे मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये लोक स्मारकापाशी जमून सावली नाहीशी होताना बघतात. महाराष्ट्र विषुववृत्तावर नाही. मुंबई १९ अंश उत्तरेला आहे, म्हणून २३ सप्टेंबरला भर दुपारी सूर्य तिथे डोक्यापासून १९ अंश दक्षिणेकडे झुकलेला असतो. नागपुरात २१ अंश, पणजीत साडेपंधरा.

आपल्याकडे सावली नाहीशी होण्याचे दिवस वेगळे आहेत. मुंबई-पुण्याला ते मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीला येतात. राज्याचा विचार केला तर मेमधली ही रांग सावंतवाडीच्या बाजूला महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात सुरू होते आणि धुळे-नंदुरबारला महिनाअखेरीस संपते. जुलै-ऑगस्टमधला दुसरा दिवस आभाळ भरून आल्यामुळे बहुतेकांना दिसतच नाही.

हे कोणाच्या शब्दावर मानायची गरज नाही. गच्चीवर एक मीटर लांबीची सरळ काठी उभी करा. ओळंबा लावून बघा, तिरकी नको. मुंबईत २३ सप्टेंबरला सूर्य सर्वांत उंच असतो तो बाराला नाही, तर १२ वाजून ३१ मिनिटांच्या सुमारास. त्या क्षणी काठीची सावली सुमारे ३४-३५ सेंटिमीटर भरते आणि बरोबर उत्तरेकडे पडते. नागपुरात हीच वेळ १२ वाजून ६ मिनिटांच्या आसपास येते आणि सावली ३९ सेंटिमीटरच्या जवळपास भरते. फूटभराहून लांब सावलीला नाहीशी झाली कसं म्हणायचं?

आणि काठी उभी केलीच आहे तर थोडं थांबा. सकाळी नऊपासून दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाशी खडूने ठिपका करत जा. वर्षातल्या इतर दिवशी हे ठिपके वाकडी रेघ काढतात. उन्हाळ्यात ती काठीला वळसा घालायला बघते, हिवाळ्यात उलटी वळते. संपाताच्या दिवशी मात्र सगळे ठिपके एका सरळ रेषेत येतात, पश्चिमेकडून पूर्वेकडे. कोणत्याही शाळेच्या पटांगणात, एका खडूच्या तुकड्यावर हे दाखवता येतं. या दिवसाचं खरं वैशिष्ट्य हे आहे. संदेशात नेमकं हेच नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ते वाचणाऱ्या हजारो मुलांना त्याच दिवशी गच्चीवर जाऊन सूर्याचा मार्ग आखता आला असता. त्याऐवजी त्यांना दारं लावून घरात बसायला सांगितलं जातं.

सहाला उगवणार, सहाला मावळणार

२३ सप्टेंबरला मुंबईत सूर्य साधारण ६ वाजून २८ मिनिटांनी उगवतो आणि ६ वाजून ३५ मिनिटांनी मावळतो. नागपुरात सहा वाजून तीन मिनिटांनी उगवतो आणि सहा वाजून दहा मिनिटांनी मावळतो. सहाचा ठोका धरायचाच तर गडचिरोलीत तो सकाळी जवळपास जुळतो. भारताची एकच प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर बांधलेली आहे. मुंबई तिच्या पश्चिमेला जवळजवळ दहा अंशांवर आहे, आणि सूर्य एक अंश सरकायला चार मिनिटं घेतो. मुंबईकरांचा सूर्य घड्याळाच्या मागे राहतो तो त्यामुळे.

वरची वजाबाकी करून पाहिली असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात आली असेल. ६.२८ ते ६.३५ म्हणजे १२ तास ७ मिनिटं. नागपुरातही तितकीच. म्हणजे ज्या दिवशी दिवस आणि रात्र समान असतात असं आपण शाळेपासून पाठ केलं, त्या दिवशी दिवस रात्रीपेक्षा जवळपास पाव तासाने मोठा निघतो.

याला दोन कारणं आहेत. सूर्य ठिपका नाही, बिंब आहे. त्याचा वरचा काठ क्षितिजावर दिसला की आपण सूर्योदय झाला म्हणतो आणि वरचाच काठ बुडाला की सूर्यास्त, त्यामुळे दोन्ही टोकांना मिनिटभर पदरात पडतं. दुसरं कारण हवेचं. क्षितिजाजवळून येणारा प्रकाश वातावरणातून वाकून येतो आणि बिंब प्रत्यक्षाहून अर्ध्या अंशापेक्षा थोडं जास्त वर उचललेलं दिसतं. सकाळी क्षितिजावर टेकलेला जो सूर्य आपण बघतो, तो त्या क्षणी गणिताने क्षितिजाच्या खालीच असतो! दोन्ही मिळून सकाळी साडेतीन आणि संध्याकाळी साडेतीन अशी सात मिनिटं दिवसाला मिळतात.

मग खरोखर बारा-बारा तास कधी होतात? मुंबईच्या अक्षांशावर या काळात दिवस रोज साधारण एका मिनिटाने आखूड होतो. वरची सात मिनिटं संपायला आठवडाभर लागतो, म्हणजे २९-३० सप्टेंबरचा सुमार. गोव्यात आणखी एखादा दिवस पुढे. लंडनमध्ये दिवस झपाट्याने घटतो, तिथे संपातानंतर तीन दिवसांतच बरोबरी होते. आणि खुद्द विषुववृत्तावर दिवस वर्षभर बारा तास सात मिनिटांच्या आसपास राहतो, तिथे बरोबरीचा दिवस कधी येतच नाही. जगभर एकाच दिवशी समान दिवस-रात्र, हा दावा म्हणूनच टिकत नाही.

संध्याकाळी कामावरून घरी परतणाऱ्यांना या दिवसांत जाणवणारी एक गोष्ट इथेच नोंदवतो. २३ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर या काळात मुंबईत सूर्यास्त जवळपास अर्ध्या तासाने अलीकडे येतो, ६.३५ वरून ६.०६ वर. सूर्योदय मात्र जेमतेम दहा मिनिटांनी लांबतो, ६.२८ वरून ६.३८ वर. दिवस दोन्ही बाजूंनी सारखा कापला जात नाही, संध्याकाळ जास्त कापली जाते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे. त्यामुळे सूर्याची माध्यान्ह या काळात घड्याळाच्या तुलनेत अलीकडे सरकत असते, आणि संध्याकाळही तिच्यासोबत ओढली जाते. ऑक्टोबरात स्टेशनवरून बाहेर पडताना अचानक अंधार वाटतो, तो भास नसतो.

तारखेबद्दलही थोडं. संपात २३ तारखेलाच येतो असं नाही. आपल्या घड्याळाने २०२३ मध्ये तो २३ सप्टेंबरला दुपारी १२.२० ला होता, २०२४ मध्ये २२ सप्टेंबरला संध्याकाळी ६.१४ ला, २०२५ मध्ये २२ ला रात्री ११.४९ ला. २०२६ मध्ये तो २३ ला पहाटे ५.३५ ला आहे. वर्षाचे ३६५ दिवस आणि वर जवळपास सहा तास, म्हणून तो दर वर्षी तितका पुढे सरकतो आणि लीप वर्ष त्याला एक दिवस मागे खेचतं. राष्ट्रीय दिनदर्शिकेत, जी २२ मार्च १९५७ पासून लागू झाली, आश्विनाचा पहिला दिवस कायम २३ सप्टेंबरला येतो, आणि तो याच संपाताला धरून ठरवलेला आहे.

त्या दिवशी अंडं टोकावर उभं राहतं, असंही काही संदेशांत असतं. धीर धरला तर अंडं वर्षातल्या कोणत्याही दिवशी उभं राहतं.

२३ तारखेपासून पाऊस संपतो

आता ती ओळ.

हवामान विभागाने २०२० मध्ये मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या. आधीच्या तारखा जुन्या नोंदींवर बेतलेल्या होत्या, नव्या तारखांसाठी परतीच्या बाबतीत १९७१ ते २०१९ ची माहिती वापरली. त्यानुसार मान्सून परतायला सुरुवात होते ती वायव्य राजस्थानातून, १७ सप्टेंबरच्या सुमारास. पूर्वी ही तारीख १ सप्टेंबर होती. मुंबईतून तो परततो सर्वसाधारणपणे ८ ऑक्टोबरला, पूर्वी २९ सप्टेंबर धरत. म्हणजे जुन्या हिशेबानेही २३ सप्टेंबरला मुंबईत मान्सून हजर होता, आणि नव्या हिशेबाने तर त्यानंतर दोन आठवडे असतो. सर्वसाधारण तारीख म्हणजेही मधला आकडा. २०१९ मध्ये राजस्थानातून परतीची सुरुवातच ९ ऑक्टोबरला झाली. २०२० मध्ये मुंबईतून तो परतल्याचं २८ ऑक्टोबरला जाहीर झालं.

आता नेमक्या या तारखेच्या आसपासच्या नोंदी पाहा. सांताक्रूझ वेधशाळेत २३ सप्टेंबर १९८१ ला चोवीस तासांत ३१८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मुंबईच्या सप्टेंबर महिन्याची सरासरी साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे जवळपास महिन्याचा पाऊस एका दिवसात. २०१७ मध्ये २० सप्टेंबरला ३०३ मिलिमीटरच्या वर. २०२० मध्ये पुन्हा बरोबर २३ सप्टेंबरला २८६ मिलिमीटर, रुळांवर पाणी, लोकल ठप्प. इथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी. वेधशाळेचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो, आणि नोंद संपण्याच्या तारखेला लागते. तेव्हा २३ तारखेच्या नावावर लागलेला पाऊस बराचसा २२ च्या रात्री पडलेला असतो. जुन्या नोंदी वाचताना हे विसरलं की वर्तमानपत्रातली बातमी आणि वेधशाळेचा आकडा जुळत नाहीत, आणि कोणीतरी कोणावर तरी खोटेपणाचा आरोप करतो.

पुणेकरांना २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र सांगायला नको. कात्रजकडून आंबिल ओढ्याला आलेलं पाणी अरण्येश्वर, सहकारनगरच्या वस्त्यांत घुसलं, भिंती पडल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या. शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. संदेशाच्या हिशेबाने पाऊस दोन दिवस आधीच संपलेला होता.

आणि २०२५. सप्टेंबरच्या त्याच शेवटच्या दहा दिवसांत धाराशिव, बीड, सोलापूर या कायम पाण्यासाठी आभाळाकडे बघणाऱ्या जिल्ह्यांत सीना आणि तिच्या उपनद्या पात्र सोडून शेतांत शिरल्या. परांडा तालुक्यात अडकलेली माणसं हेलिकॉप्टरने बाहेर काढावी लागली. उभं सोयाबीन पाण्याखाली गेलं, काढून ठेवलेल्या गंजी वाहून गेल्या, काही ठिकाणी वरची मातीच खरवडून गेली. ज्यांनी ते पाहिलं त्यांच्यापुढे ‘२३ पासून पाऊस संपतो’ हे वाक्य ठेवायची कोणाची हिंमत होते, हे मला समजत नाही.

सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला गेला तरी पाऊस का थांबत नाही? कारण ऋतू सूर्याच्या मागून, सावकाश चालतो. चार महिने साठलेला दमटपणा एका दिवसात ओसरत नाही. बंगालच्या उपसागरात सप्टेंबरअखेरही कमी दाबाची क्षेत्रं तयार होत राहतात आणि आंध्र-तेलंगणामार्गे विदर्भ, मराठवाड्याकडे सरकतात. त्यात दुपारचं ऊन आता थेट ओल्या जमिनीवर पडायला लागलेलं असतं. तापलेली, ओलसर हवा वर चढते आणि चार वाजेपर्यंत निरभ्र वाटणारं आभाळ पाचला काळं होतं. परतीच्या पावसाचं रूप हेच, थोड्या वेळात खूप, मेघगर्जनेसह, एका गावात धो धो आणि शेजारच्या गावात कोरडं.

आपल्या शेतकऱ्याला हे नवीन नाही. नक्षत्रांच्या हिशेबात २३ सप्टेंबरला उत्तरा चालू असतं, आणि त्यानंतर तीन-चार दिवसांत हस्त लागतं. हत्तीचा पाऊस भिंती पाडतो असं गावाकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले. पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरणारा हादगा याच पावसाचा. त्यानंतर चित्रा, त्यानंतर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात स्वाती, आणि ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती’ म्हणणाऱ्यांना रब्बीसाठी ऑक्टोबर सरतानाही पावसाची वाट पाहायची सवय होती. नक्षत्रावरून यंदाचा पाऊस सांगता येत नाही, पण पाऊस कधीपर्यंत येऊ शकतो याची एक लांबलचक आठवण त्यात साठलेली आहे. व्हॉट्सअॅपवरच्या एका ओळीने ती पुसली जाऊ नये.

स्क्रीनशॉटवरचं ‘सरासरी हवामान’

राहिला तो पुरावा. त्या चित्रात पुण्याचं नाव होतं, कमाल ३० अंश, किमान २२ च्या आसपास, पावसाचा एक लहानसा आकडा आणि अर्धवट ढगाआडून डोकावणारा सूर्य. संदेश पाठवणाऱ्याने त्याचा अर्थ लावला, २३ ला फारसा पाऊस नाही. (त्याच चित्रात ३० अंश छापलेले असताना वर ४० अंशांचा इशारा आहे, हे कोणाच्या नजरेला आलं नाही.)

अशी पानं चूक नसतात. अनेक वर्षांच्या २३ सप्टेंबरची बेरीज करून भागाकार केलेला असतो. हवामान विभागही सर्वसाधारण मूल्यांसाठी तीस वर्षांचा काळ धरतो, सध्या १९९१ ते २०२०. तापमानाच्या बाबतीत ही सरासरी बऱ्यापैकी कामाची आहे, कारण सप्टेंबरअखेर पुण्याचं कमाल तापमान फारसं इकडेतिकडे जात नाही. पावसाला ती लागू पडत नाही. समजा तीस वर्षांपैकी एकोणतीस वर्षं २३ तारीख कोरडी गेली आणि एका वर्षी ३०० मिलिमीटर पडला. सरासरी येईल १० मिलिमीटर. दहा मिलिमीटर पाऊस त्या तीस वर्षांत एकदाही पडलेला नाही. जो आकडा कधी घडलाच नाही तो आपण ‘नेहमीचा’ म्हणून वाचतो, आणि जो घडला, ज्याने माणसं गेली, तो भागाकारात विरघळून जातो.

सूर्योदयाच्या रकान्याचं तसं नाही. त्याच पानावर सूर्योदय ६ वाजून २५ मिनिटांच्या आसपास लिहिलेला असेल, तर तो पुढच्या वर्षीही त्याच मिनिटाच्या आगेमागे असेल आणि पन्नास वर्षांनीही. एकाच पानावर, शेजारी शेजारी, एक आकडा ग्रहगणिताचा आणि दुसरा निव्वळ गेल्या वर्षांचा गोषवारा. छपाई सारखीच असल्यामुळे वाचणाऱ्याला दोन्हींवर सारखाच भरवसा वाटतो. सूर्याच्या बाबतीत २३ सप्टेंबर हा ठरलेला दिवस आहे. पावसाच्या बाबतीत तो नुसता तारखेचा आकडा आहे.

मान्सून परतल्याचं हवामान विभाग कसं ठरवतो तेही बघण्यासारखं आहे. वायव्य भारतात सलग पाच दिवस पाऊस थांबलेला हवा, खालच्या थरांत वाऱ्यांची घडी उलटी होऊन उच्च दाबाचं अभिसरण तयार झालेलं हवं, हवेतली आर्द्रता लक्षणीय घटलेली हवी. त्यात सूर्य कुठे आहे याचा उल्लेखही नाही.

ज्याच्या शेतात सोयाबीन वाळून उभं आहे, त्याला थांबणंही परवडत नाही, शेंगा तडकतात. त्याने काढणीचा दिवस ठरवायचा तो आपल्या जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज बघून. तो हवामान विभागाच्या संकेतस्थळावर आणि ‘मौसम’ अॅपवर रोज मिळतो, आणि ‘मेघदूत’ अॅपवर पिकाच्या सल्ल्यासह, मराठीतून. उघडीप दोन-तीन दिवसांचीच असेल तर जेवढं मळून होईल तेवढंच कापावं, गंजी सखल बांधालगत न घालता उंचवट्यावर घालावी आणि ताडपत्री आधीच अंथरून-पांघरून तयार ठेवावी. दुपारनंतर गडगडू लागलं तर झाडाखाली किंवा गंजीच्या आडोशाला थांबू नये. या दिवसांत विजेने शेतातली माणसं दगावतात, आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अॅप आसपास वीज पडत असल्याची सूचना फोनवर देतं. तो संदेश तुमच्या गावाच्या गटात आला असेल, तर त्याच्याखाली निदान ही तीन अॅपची नावं लिहा.